रक्त देण्याची प्रॅक्टिस

"रक्त द्यायला कसली आलीय तयारी, बाबा? नेहमीचं खायचं, नेहमीसारखं राहायचं आणि सोमवारी सकाळी यायचं," लेकीनं पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पण तिच्या वडिलांनी उमेदीची सगळी वर्षं शाळेतल्या मुलांना व्हॉलीबॉल शिकवण्यात घालवली होती. निवृत्त होऊनही आख्खी गल्ली त्यांना कोच म्हणे, आणि बिनतयारीनं कुणाला मैदानात उतरवणं कोचना जमण्यासारखं नव्हतं.

लेक एका संशोधन संस्थेत कर्करोग वेळेवर ओळखणारं यंत्र बनवत होती. त्याच्या चाचणीसाठी साठी उलटलेल्या, धडधाकट माणसांचं थोडं रक्त हवं होतं. कोचनी बागेतल्या बाकावरची सगळी टोळी तिच्यापुढे उभी केली: बेकरीवाले, शिंपी, निवृत्त पोस्टमास्तर आणि दातांचे डॉक्टर.

"तुम्हीही द्या ना," लेक म्हणाली.

"मी टीम देतो," कोच म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

तिनं फार ताणलं नाही. वर्षापूर्वी आई गेली, तेव्हापासून कोच दवाखान्याची पाटी दिसली की रस्ता बदलत. आईचा आजार कळला तेव्हा तो कळून काही उपयोग उरला नव्हता.

इकडे बागेत सराव सुरू झाला. कोच बाकासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"आपलं रक्त बाहेरच्या परीक्षकांसमोर जाणार आहे. नाक कापायचं नाही. आजपासून तळलेलं बंद, मैद्याचंही बंद."

"आणि मी दिवसभर बेकरीत बसून काय करू?" बेकरीवाले कळवळले.

"वास घे. वास चालेल. आणि या गोळ्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन."

"व्हिटॅमिनच्या?" दातांच्या डॉक्टरांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "अरे, मी डॉक्टर आहे. मला विचारशील तरी!"

"त्यांना दात नकोयत. रक्त हवंय."

"पण रोज चार म्हणजे जरा जास्त नाही का होत?" शिंप्यानं विचारलं.

"तूच म्हणतोस ना, कापड जरा जास्तीचंच आणावं म्हणून? मग गीळ गुमान."

सोमवारी चौघांनी बाह्या वर करून, छाती पुढे काढून रक्त दिलं. "लाल बघ कसं भडक!" पोस्टमास्तर नर्सला म्हणाले. नर्सनं सगळ्यांचंच लाल असतं असं सांगितल्यावर ते थोडे हिरमुसले.

अकराच्या सुमारास परीक्षक बाई आल्या. त्यांनी होकार दिला तर काम पुढे चालणार होतं. नाहीतर यंत्र कपाटात आणि लेक घरी.

"थोडक्यात सांगा," बाई म्हणाल्या.

"कर्करोगाच्या काही पेशी फॉलिक ॲसिडसाठी फार हावरट असतात," लेक सांगू लागली. "ते एक जीवनसत्त्वच. म्हणून आम्ही सोन्याचे अतिसूक्ष्म कण घेतले, डोळ्यांना न दिसणारे, आणि त्यांना या जीवनसत्त्वाचा लेप दिला. पेशीला वाटतं खाऊ आला. ती कणाला घट्ट धरते आणि फसते. कण कुठे अडकलेत ते हा सेन्सर ओळखतो, लाल दिवा लागतो, शिट्टी वाजते."

चौघांच्या रक्ताच्या नळ्यांत तिनं प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी थोड्या थोड्या मिसळल्या होत्या. पहिली नळी जेवणाच्या डब्याएवढ्या त्या यंत्राला लावली. पडद्यावर अक्षरं आली: आढळले नाही.

दुसरी नळी. आढळले नाही. तिसरीही तशीच, चौथीही.

"या नळ्यांत तुम्ही स्वतःच्या हातानं पेशी टाकल्यात?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आणि हे म्हणतंय, नाहीत."

"हो."

"सभ्य यंत्र आहे. वाईट बातमी देत नाही."

विभागप्रमुख सर घाम पुसत लेकीच्या कानाशी आले. "वायर बघितलीस?"

"बघितली."

"प्लग?"

"सर, पडदा दिसतोय म्हणजे प्लग आहे."

लेकीनं नवे कण घेतले, नवा सेन्सर बसवला. तेच. शेवटी त्याच पेशी तिनं नुसत्या मिठाच्या पाण्यात टाकून पाहिल्या, तर यंत्रानं अशी कर्कश शिट्टी मारली की सर दचकून स्टुलावरून उठले. म्हणजे यंत्र ठीक होतं, कण ठीक होते. बिघाड रक्तात होता, आणि तोही चौघांच्या. चौघांना सांधणारा माणूस एकच होता. लेकीनं त्याला फोन लावला. दोन्ही हातांत नळ्या होत्या, म्हणून स्पीकरवर.

"बाबा, तुम्ही टीमला काही दिलं होतंत?"

"छे! उलट तळलेलं बंद केलं होतं."

"आणि?"

"आणि काय... थोडी व्हिटॅमिन."

"थोडी म्हणजे?"

"तिसरी बाटली अजून शिल्लक आहे."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. लेकीनं डोळे मिटून घेतले. आठवडाभराच्या गोळ्यांनी चौघांच्या रक्तात त्याच फॉलिक ॲसिडचा पूर आला होता. त्या रक्तात पडलेल्या पेशींनी पोटभर हादडलं होतं, आणि मागाहून नटूनथटून आलेल्या सोन्याच्या कणांना कुणी दारात उभं करत नव्हतं.

"मग गोळ्या न घेणाऱ्या कुणाचं तरी ताजं रक्त आणा," बाई म्हणाल्या. "मी तासभर थांबते."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सर केसांसाठी घेत होते; अजून गुण आलेला दिसत नव्हता. नर्स नखांसाठी घेत होती. लेक तर रोज रात्री उपाशी झोपायची आणि भरपाई म्हणून गोळी घ्यायची.

"माझ्याकडे बघू नका," बाई म्हणाल्या. "मी न्याहारीआधीच तीन घेते."

फोन चालूच होता. त्यातून खाकरण्याचा आवाज आला. "मी नाही घेत."

"बाबा? चौघांना बाटल्याच्या बाटल्या चारल्यात आणि तुम्ही नाही घेतल्या?"

"अगं, कोच कधी टीमबरोबर धावतो का?"

सरांना हसू आलं. लेक मात्र हसली नाही. तिनं स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"बाबा, याल?"

पलीकडे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. मग, "सुई केवढी असते?"

"अगदी बारीक."

"सुईचं नाही विचारत मी."

"माहीत आहे."

"येतो," कोच म्हणाले.

ते बुटांच्या नाड्या करकचून बांधून आले. रक्त काढताना छताकडे बघत राहिले. वेळ इतका थोडा होता की लेकीनं रक्त दोन नळ्यांत घेतलं, एकीत पेशी मिसळल्या, आणि हे सगळं कोचना समजावून सांगायचं राहूनच गेलं.

पहिली नळी लागली. लाल दिवा, शिट्टी, आणि पडद्यावर ठळक अक्षरं: आढळले!

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी नर्सशी हात मिळवला, मग खुर्चीशीही मिळवायला गेले. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, सापडलं! बाबा!"

कोचनी टेबलाची कड धरली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेवढ्यात परीक्षक बाई हसत पुढे आल्या आणि त्यांनी कोचचा हात हलवला. "अभिनंदन!"

"किती..." कोचनी बाईंचा हात धरूनच ठेवला. "किती दिवस आहेत?"

"चांगली दोन वर्षं दिलीत," बाई खुशीत म्हणाल्या. "काम बरं चाललं तर वाढवूही."

कोचनी बाईंकडे आदरानं पाहिलं. "अर्ज कुणाकडे करायचा?"

तेव्हा लेकीच्या डोक्यात प्रकाश पडला. ती धावत आली. "बाबा, नाही! त्या पेशी मी टाकल्यात! चाचणीसाठी!"

"तू? माझ्या रक्तात?"

"नळीतल्या. तुमच्यातल्या नाही."

"अगं मग नियम खेळाच्या आधी सांगतात!" कोच स्टुलावर मटकन बसले. "मी तर घर आवरायला काढलं होतं मनातल्या मनात."

सर आणि बाई चहाला निघाले. दारात बाई वळल्या. "दुसरी नळी साधीच आहे, तिची नोंद करून टाका. आणि लक्षात असू द्या, हे अजून निदानाचं यंत्र नाही."

नर्सही त्यांच्यामागून गेली. खोलीत दोघंच उरली, आणि ती नळी.

"ही माझी एकट्याची?" कोचनी विचारलं.

"हो. पण आत्ताच लावली पाहिजे असं काही नाही."

"लाव."

यंत्रानं आपला वेळ घेतला. दिवा लागला नाही, शिट्टी वाजली नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: आढळले नाही. कोचनी ती चष्मा लावून वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हे जरा आधी बनवायचं होतंस," ते हळूच म्हणाले.

"हो, बाबा."

थोड्या वेळानं त्यांनी रिकाम्या खोलीभर नजर फिरवली. "तुझ्या लोकांना काही कळत नाही. टाळ्या मघाशी नाही, आत्ता वाजवायच्या असतात."

त्यांनी हात उचलले, पण एका कोपरात कापसाचा बोळा होता आणि तो हात दुमडूनच ठेवायला नर्सनं दटावलं होतं. मग त्यांनी दुसरा, मोकळा हात तसाच पुढे धरला. लेकीनं आपला तळवा त्यावर वाजवला.