सुट्या विटा, १,९४६ नग

व्हीआरएस घेऊन घरी बसलेल्या माणसाने दुपारी गुपचूप झोपावं, एवढीच शालनची अपेक्षा होती. शरच्चंद्र भोंडवे मात्र वारज्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून खेळण्यातल्या, एकमेकींत अडकणाऱ्या जुन्या प्लास्टिकच्या विटा घासत. एक डबा कारखान्यात आलेल्या जर्मन इंजिनिअरने त्यांच्या मुलासाठी, अभयसाठी, लहानपणी दिलेला, बाकीच्या रविवारी जुन्या बाजारातून वेचलेल्या. पिवळ्या पडलेल्या विटा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवायच्या, खाचांतला मळ टूथब्रशने काढायचा. वर्षभर हेच चाललं होतं.

त्यांना या विटांतून आपला कारखाना उभा करायचा होता. खरा पाडून तिथे आयटी पार्क झालं होतं आणि त्यातच अभय नोकरीला होता. सत्तावीस वर्षं नवऱ्याने जिथे स्टोअरकीपरी केली, ती जागा शालनने आतून कधी पाहिली नव्हती. आता गुडघ्यांमुळे तिला जिनेही उतरवत नव्हते. तिला निदान छोटा कारखाना दाखवायचा, या एका इच्छेने शरच्चंद्रांना पछाडलं होतं.

"टेबलावर जोडायला चार दिवस लागणार," ते म्हणाले.

"तेवढे दिवस जेवायचं कुठे, माझ्या डोक्यावर?" शालनने टेबल सोडलं नाही.

अभयने तोड काढली. "बाबा, आमच्या रिसेप्शनला मांडा. फॅमिली एक्झिबिशन आहे, फुल वीक. नंतर व्हॅनमधून अख्खा घरी आणू."

आयटी पार्कच्या गेटवर सोनबा होता. पूर्वी शरच्चंद्रांच्याच स्टोअरमध्ये हेल्पर, आता सिक्युरिटीच्या निळ्या कपड्यांत. त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'खेळणी, एक पिशवी.'

"सोनबा, हेच शिकवलं का मी? खोड ते. लिही, सुट्या विटा, १,९४६ नग. आत येईल तेच बाहेर जाईल."

सोनबाने खोडून तसंच लिहिलं.

कारखाना झकास उभा राहिला. करवती छपरं, धुराडं, स्टोअरची खिडकीसुद्धा. एका पोराने फोटो काढत विचारलं, "अंकल, हा कुठला मॉल?"

"तुम्ही उभे आहात तिथलाच," शरच्चंद्र म्हणाले. पोराने 'कूल' म्हणून काढता पाय घेतला.

शुक्रवारी संध्याकाळी बापलेकांनी फळीवरून कारखाना गेटपर्यंत आणला. सोनबाने रजिस्टर उघडलं.

"साहेब, आत आल्यात सुट्या विटा. ही तर बिल्डिंग हाय."

"अरे, त्याच विटा आहेत."

"असतील की. पण मोजू कशा? जोडलेल्या हायत."

अभयने अ‍ॅडमिनला फोन लावला. नवीन गेटपासला तीन वर्किंग डेज. आत परत ठेवू म्हटलं, तर सोमवारी अमेरिकन क्लायंट येणार, रिसेप्शन रिकामं हवं. व्हॅनवाला हॉर्न वाजवायला लागला.

"काका, ॲडजस्ट करा ना प्लीज," अभय म्हणाला.

सोनबाने शरच्चंद्रांकडे पाहिलं. "साहेब सांगतील तसं करतो. सोडू?"

शरच्चंद्रांच्या जिभेवर 'सोड' आलं होतं. पण सत्तावीस वर्षांत त्यांनी साधा नटबोल्ट असा सोडला नव्हता, आणि हे ज्याला ठाऊक होतं तोच समोर उभा होता. ते गेटवरच्या बाकावर बसले आणि धुराड्यापासून सुरुवात केली. खरा कारखाना पाडायला महिना लागला होता, हा पाऊण तासात उतरला. नग बरोबर भरले. सोनबाने सही घेतली आणि सलाम ठोकला. त्यांना तो सलाम फार लागला.

घरी शालनने पलंगावर धुतलेली चादर घालून जागा केली होती. तिने पिशवीतल्या, विटांनी भरलेल्या बिस्किटांच्या डब्यांकडे पाहिलं, मग सगळं ऐकून घेतलं.

"सोनबाचं काही चुकलं नाही," शरच्चंद्र शेवटी म्हणाले.

"नाहीच चुकलं," शालन म्हणाली. "खंडेनवमीला सगळ्यांच्या बायका मशीनची पूजा बघायला आत गेल्या होत्या. मी अभयला कडेवर घेऊन गेटवर उभी. यादी तुम्हीच केलेली, त्यात माझंच नाव राहिलेलं. नाव नाही तर आत नाही, म्हणालात. तेव्हा तुमचंही काही चुकलं नव्हतं."

शरच्चंद्र हे साफ विसरले होते. त्यांनी डबा उघडायला घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "पानं वाढलीत."