बसल्या जागी अठरा हजार पावलं

आवक-जावक विभागातल्या ठप्पेकाकांना मधुमेह असल्याची बाब कार्यालयाने रीतसर परिपत्रक काढून मान्य केली, तेव्हा काकांना तो जडून नऊ वर्षं झाली होती. ठप्पेकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदावर बावीस वर्षं शिक्का मारणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

परिपत्रकाचा विषय होता, ‘मधुमेही कर्मचाऱ्यांमध्ये स्वतःची काळजी घेण्याची प्रेरणा निर्माण करणे – तातडीचे.’ प्रेरणा महिनाअखेरपर्यंत निर्माण करायची होती. त्यासाठी प्रत्येक मधुमेह्याच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधण्यात आला. रोज दहा हजार पावलं. कमी पडल्यास लेखी खुलासा.

काकांनी हे मनावर घेतलं, कारण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्या तळपायाला टाचणी लावून विचारलं होतं, “टोचतंय?”

“लावलीत का?” काकांनी विचारलं होतं.

डॉक्टर हसले नव्हते. “रोज अर्धा तास चाला आणि रोज पाय निरखून बघा. जखम झाली तर तुम्हाला कळायची नाही, आणि मग पाय वाचवणं आपल्या हातात राहायचं नाही.”

पहिल्या संध्याकाळी पट्ट्यावर चौदा हजार दोनशे पावलं दिसली. काका दिवसभरात दोनदा पाणी प्यायला उठले होते. त्यांनी विचारात पडून एका कागदावर शिक्का हाणला. आकडा एकाने वाढला. पुन्हा हाणला, पुन्हा वाढला. माणूस सरळ, तडक कल्याण अधिकारी बाईंकडे गेला.

“मॅडम, हे यंत्र चुकतंय. मी चाललोच नाही.”

बाईंनी पडद्यावर नजर टाकली. “अहो काका, सगळ्या कार्यालयात पहिले आलात की!”

“ते शिक्के आहेत, मॅडम.”

“नम्रता चांगली हो काका, पण नोंदीच्या विरोधात नको.”

घरी बायको चपला घालून तयार होती. “अहो, चला फिरायला.”

“अगं, चौदा हजार झाली.”

“मग पाय दाखवा बघू.”

“दुखत नाहीत गं.”

“दुखत नाहीत म्हणूनच दाखवा म्हणतेय ना!” ती करवादली. पण खोटा का होईना, पहिला नंबर माणसाला सुखावतोच. काका पाय वर घेऊन पेपर वाचत बसले.

मग काय, कागदी घोडे चौखूर उधळले. काका ‘प्रेरणादूत’ झाले. त्यांचं बघून टंकलेखिका आणि वाहनचालक, दोघेही मधुमेही, जेवणाच्या सुट्टीत शिक्का उसना मागू लागले. एकेका कागदावर चार-चार ठसे उमटले. कार्यालयाने चालायला म्हणून जो अर्धा तास राखून ठेवला होता, त्यात ‘उठा, चालते व्हा’ या विषयावर व्याख्यान ठेवण्यात आलं आणि श्रोते उठून जाऊ नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी घालण्यात आली. काका अठरा हजारांवर पोहोचले, तेव्हा त्यांचा सत्कार झाला. बुटाच्या आकाराचा केक आला. “पहिला तुकडा प्रेरणादूतांचा,” बाई म्हणाल्या. शिवाय खरे बूटही भेट मिळाले. त्यांचं माप समितीने सगळ्या मधुमेह्यांच्या पायांची सरासरी काढून ठरवलं होतं. काकांना ते चावत होते, पण चावल्याचं काकांना कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी बायकोने मोजा धुवायला घेतला, तर तो रक्ताने कडक झालेला. डॉक्टरांनी अंगठा पाहिला. “उद्याच्या उद्या भरती व्हा. आणखी थांबलात तर अंगठा गेला म्हणून समजा.”

सकाळी काकांनी रजेचा अर्ज दिला. तासाभरात उत्तर आलं: ‘अर्जदार रोज अठरा हजार पावलं चालतात. सबब त्यांचा पाय उत्तम आहे. रजा नामंजूर.’ आणि हा आदेश जावक शिक्क्याशिवाय लागू होत नसल्याने तो काकांच्याच टेबलावर आला.

बायको पिशवी घेऊन दारात उभी होती. “अहो, गाडी थांबलीय फाटकाशी. चलताय ना?”

काकांना भीती वाटत होती. अंगठ्याची नाही म्हटलं तरी वाटतच होती, पण नोंदीची जास्त. बावीस वर्षांची सवय. हात आपोआप उचलला गेला आणि शिक्का पडला. पट्ट्यावर आकडा एकाने पुढे सरकला.

त्या आकड्याकडे काका क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी पट्टा सोडून शिक्क्याच्या मुठीला बांधला आणि बायकोच्या खांद्याचा आधार घेत लंगडत फाटक गाठलं. एवढीच काय ती त्यांनी महिन्याभरात काळजी म्हणून टाकलेली पावलं, आणि तेवढीच नोंदायची राहिली.

अंगठा थोडक्यात वाचला. काका इस्पितळात असताना शिक्का टंकलेखिकेने चालवला, त्यामुळे काकांची सरासरी वीस हजारांवर गेली. सबब ही हकिकत कार्यालयाने प्रेरणादायी वाचनासाठी काढली आहे. वाचून प्रेरणा मिळाली असल्यास वाचकांनी खाली सही करावी. त्यासाठी जागेवरून उठण्याची आवश्यकता नाही.