मेण न पाजलेली गिटार

गेरिट डेकोस्टरने आपल्या सातव्या गिटारच्या पिकअपला मेण पाजलं नाही, कारण मेण वितळवायला एकच भांडं होतं आणि ते त्याच्या बायकोचं, हेन्रिएटाचं होतं. "माझ्या सूपच्या भांड्यात तुझं मेण दिसलं, तर मी आईकडे निघून जाईन," असं ती एकदा म्हणाली होती. तिला जाऊन आता चार वर्षं झाली होती, आईकडे नव्हे, कायमचीच. तरी त्या भांड्याला हात लावण्याआधी गेरिट अजून मागे वळून बघायचा.

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसणारं तांब्याच्या तारेचं गुंडाळं. केसाहून बारीक तार आणि तिचे सात हजार वेढे, गेरिटने स्वतः मोजून घातलेले. त्यांत मेण मुरवलं नाही तर वेढे सैल राहतात, आणि मग पिकअपला गिटारच्या तारांखेरीज बाहेरचंही ऐकू येतं. टकटक, खोकला, माणसाचं बोलणं. कालामाझू गावातल्या कुठल्याही हौशी गिटारवाल्याला हे ठाऊक असतं. गेरिटलाही होतं.

"एकदा न पाजता बघू," तो म्हणाला. गॅरेजमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, जोडताच गिटार किंचाळली. तिच्या जोडीला गेरिटच्या कानांतली ऐकण्याची यंत्रंही शिट्या मारू लागली. त्याने ती काढून स्क्रूंच्या डबीत ठेवली. आता शांत वाटलं, पण खिडकीची काच थरथरत होती, म्हणजे गिटार किंचाळतच असणार. अँप दूर नेला की हे थांबतं. त्याने सगळ्यांत लांब वायर शोधली आणि अँप दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड करून ठेवला. काच थांबली. आवाजाचं बटण उतरवायचं मात्र राहिलं, आणि तो पाना घेऊन गिटारवर वाकला.

काम करताना गिटारशी बोलायची त्याला सवय होती. आजचा विषय होता दारावर चिकटवलेली गुलाबी चिठ्ठी. शनिवारी साडेपाचला गल्लीचं जेवण, प्रत्येकाने एक पदार्थ आणावा, उत्तर आज द्यावं. खाली समोरच्या नेल्डाने पेनने लिहिलं होतं : 'गेरिट, गिटार घेऊन ये.' आधीच्या सहा गिटारी आजवर कोणीही ऐकलेल्या नव्हत्या.

"कंबर धरलीय म्हणून सांगू?" त्याने गिटारला विचारलं. "की ग्रँड रॅपिड्सहून बहीण येतेय म्हणू? पण मला बहीण नाही हे नेल्डाला माहीत आहे." त्याने चौथी तार जराशी खाली घेतली. "गेल्या वर्षी गेलो होतो की. कोपऱ्यापर्यंत. खुर्च्या जोडीजोडीने मांडल्या होत्या. परत आलो आणि उभ्याउभ्याच जेवलो."

रस्त्यापलीकडे शेजारी मर्विन गवत कापायचं यंत्र थांबवून उभा होता. तेल संपलं असावं, गेरिटला वाटलं.

"शिवाय मर्विनच्या बायकोची, आर्डिथची, ती गाजर घातलेली जेली. दरवर्षी. तिला कोणीतरी एकदा सांगायला हवं."

टपालवाली बाई फाटकापाशी थांबली होती. तिच्या शेजारी एक कुत्रा मान तिरकी करून अँपकडे बघत होता.

"नेल्डा मात्र चांगली आहे," गेरिट पुढे म्हणाला. "ती हसते ना, तेव्हा मी कानांतली यंत्रं कधीच काढत नाही. पण तिच्यापुढे वाजवायचं काय? बोटं थरथरतात माझी."

त्याने मान वर केली तर दारात नेल्डा. हाताला पीठ. तो दचकला, डबी कलंडली आणि स्क्रू जमिनीभर झाले. यंत्रंही त्यांतच गेली.

"शनिवारी जमणार नाही गं," तो खाली बसून, टेबलाखाली शिरून भराभर स्क्रू गोळा करत म्हणाला. "कंबर धरलीय. वाकताच येत नाही."

नेल्डा काहीतरी बोलली. त्याला ऐकू आलं नाही. तिने रस्त्याकडे पाहिलं, मग गिटारवर वाकली आणि तारांना तोंड लावल्यासारखी बोलू लागली. गेरिटने एक यंत्र हुडकून कानात बसवलं, तेव्हा तिचा आवाज दाराबाहेरच्या अँपमधून येत होता.

"...साडेपाच. माझ्या शेजारची खुर्ची त्याची. आणि आर्डिथ, मनावर घेऊ नकोस."

"घेतलंय," रस्त्यापलीकडून आर्डिथ म्हणाली. "जेली आणणारच मी. पहिली वाटी त्याला."

गेरिट टेबलाखालीच राहिला. "कधीपासून ऐकताय?"

"बहिणीपासून," नेल्डा म्हणाली. "ये बाहेर. कंबर बरी दिसतेय."

शनिवारी सकाळी त्याने हेन्रिएटाचं भांडं खाली काढलं, सवयीने मागे वळून पाहिलं आणि त्यात वाटाण्याचं सूप केलं. संध्याकाळी तीन गाणी वाजवली. बोटं थरथरली. जेली दोन वाट्या खाल्ली; तशी काही वाईट नव्हती.

सोमवारी भांडं घासून पुसून पुन्हा खिळ्याला लागलं. मेण कपाटातच राहिलं. गेरिटने कानांत दोन्ही यंत्रं नीट बसवली, अँप दाराबाहेर ठेवला, बटण दोनावर आणलं आणि गिटारवर वाकला.

"कॉफी टाकतोय," तो हळूच म्हणाला.

मग तो थांबला. बराच वेळ काही झालं नाही. कदाचित बटण तिनावर हवं होतं, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तेवढ्यात समोर नेल्डाच्या घराचं जाळीचं दार कुरकुरलं.