भिंतीवरचे खुशालराव

माणिकबाईंची मागणी एवढीच होती की, भिंतीवर काढलेला नवरा ओळखू यावा.

मागणी अवास्तव नव्हती. अमरावतीहून अकोल्याकडे जाताना लागणाऱ्या ज्या गावात ही गोष्ट घडली, त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या गावांना राग येईल की आमचं का नाही लिहिलं. तिथल्या नगरपंचायतीला भाजीबाजारासाठी जागा हवी होती. माणिकबाईंनी रस्त्याला लागून असलेला मळ्याचा तुकडा फुकट दिला. त्यांच्या नवऱ्यानं, खुशालरावानं, जन्मभर त्याच रस्त्याच्या कडेला बसून वांगी विकली होती आणि एका वैशाखात उन्हातच डोळे मिटले होते. निदान बाकीच्यांच्या डोक्यावर पत्रे यावेत, आणि बाजाराच्या दर्शनी भिंतीवर खुशालरावाचं चित्र असावं, एवढी अट. अट ठरावात आली. ठरावात काय, सगळंच येतं.

नमुना म्हणून माणिकबाईंनी घरातला एकुलता एक फोटो नेऊन दिला. खुशालराव फोटोला भीत असे. अकोटच्या जत्रेत मेहुण्यांनी धरून बसवला, तेव्हाचा तो फोटो: टोपी तिरपी, एका गालात तंबाखू, आणि बैलाचं शिंग लागल्यापासून डावीकडे कलंडलेलं नाक.

"हरवू नोका बरं, सायेब. दुसरा नाई," त्यांनी बजावलं.

"आजी, सरकारी कामात दिलेली वस्तू हरवत नाही," मुख्याधिकारी म्हणाले. "ती प्रक्रियेत असते."

पहिली अडचण अंदाजपत्रकात आली. दरसूचीत विटेचा दर होता, गिलाव्याचा होता, नालीचा होता, नाकाचा नव्हता. गावातला पेंटर खुशालरावाला ओळखत होता आणि चार दिवसांत चित्र काढून द्यायला तयार होता, पण त्याच्याकडे वार्षिक उलाढालीचा दाखला नव्हता. दाखला धर्मेंद्र कंत्राटदाराकडे होता. त्यानं गावातल्या नाल्या बांधल्या होत्या आणि नालीच्या काठाला चुना मारल्याचा 'रंगकामाचा अनुभव' जोडला होता. त्याला दिशा दाखवायला शेखर नावाचा कला-सल्लागार नेमण्यात आला. तो मूळचा धामणगाव रेल्वेचा. पण मुंबईत कला शिकून आल्यापासून त्याला वऱ्हाडी समजत असे, बोलता येत नसे.

"हुबेहूब चित्र हे मागासलेपण आहे," शेखर म्हणाला. "कॅमेरा आला तेव्हाच ते संपलं. आपण आधुनिक करू."

मुख्याधिकाऱ्यांनी लगेच मान्यता दिली. तालुका मागास ठरला तर अनुदान मिळतं. चित्र मागास ठरलं तर मिळत नाही.

पहिल्या पाहणीला माणिकबाई इस्त्रीचं नऊवारी नेसून, मुलाला, गोवर्धनला, सोबत घेऊन गेल्या. भिंतीवर त्रिकोण होते, चौकोन होते, आणि त्यांच्या गर्दीत कुठंतरी दोन डोळे होते. दोन्ही एकाच बाजूला.

"बाप्पा! डोये इकडं काहून आले?"

"हा घनवाद आहे, आजी. पिकासो आणि ब्राक यांनी शंभर वर्षांमागे आणला. माणूस समोरून, बाजूनं, मागून, एकाच वेळी दिसतो."

"मांगूनबी?" माणिकबाईंनी भिंतीला डोळे लावले. "हे पाह्य बाबू, लगनापासून मी त्यायले मांगूनच पाह्यलं. ते पुढं चालत, मी मांगं. मांगून तरी ते असे नोते."

गोवर्धन हसला. माय रागानं पाहते आहे असं दिसताच त्यानं ते हसू खोकल्यात घातलं.

मुख्याधिकाऱ्यांनी पेन उघडलं. "आजी, चित्र समजलं ना? की कोणा शिकलेल्या माणसाकडून समजावून देऊ?"

इथंच घोटाळा झाला. माणिकबाईंनी दोन यत्तांवर शाळा सोडली होती, पण 'मले नाई समजलं' हे वाक्य आयुष्यात कोणापुढं उच्चारलं नव्हतं. अडत्यापुढं नाही, तलाठ्यापुढं नाही, सुनेपुढं तर नाहीच. त्यांनी पदर सावरला.

"समजलं. न समजाले काय झालं?"

"भूदात्रीस चित्राचे पूर्ण आकलन झाले," अशी नोंद झाली. माणिकबाईंनी खाली सही केली आणि धर्मेंद्रचं पहिलं बिल निघालं.

धर्मेंद्रनं वापरलेला रंग नालीचाच होता. वऱ्हाडच्या उन्हात तो महिनाभरही टिकला नाही. एकेक त्रिकोण सुटून खाली घसरला, डोळे ओघळून कोथिंबिरीच्या ढिगापर्यंत आले. धर्मेंद्र घाबरत शेखरकडं गेला. शेखर मात्र खूश झाला.

"हे तर अमूर्त झालं! अमेरिकेत जॅक्सन पोलॉक कापड जमिनीवर पसरून त्यावर रंग ओतायचा, शिंपडायचा. ओघळ हीच अभिव्यक्ती."

"म्हंजे ओघळ कामात बसते?"

"बसतात."

"मंग आधी सांगाचं ना, सर! म्या कालपासून जेवलो नाई."

दुसरं बिल निघालं. आधुनिक कलेत एवढी सोय आहे हे कळल्यावर धर्मेंद्रनं तिच्यात मन घातलं. बाजारापुढच्या रस्त्याचं डांबरीकरणही त्याच्याकडंच होतं. एका सकाळी माणिकबाई वांग्याची टोपली घेऊन येतात तो काय, भिंतीवर काळाकुट्ट चौकोन. बाकी काही नाही. डांबराचा वास सुटलेला आणि रस्ता तसाच उघडा.

"हे कोन?" त्यांनी विचारलं.

"खुशालरावच, आजी," शेखर हळू आवाजात म्हणाला. "मालेविच नावाच्या रशियन चित्रकारानं एकोणीसशे पंधरा साली असाच काळा चौकोन मांडला. रूपाच्या पलीकडे गेलेलं हे रूप आहे."

"ते सावळे होते रे. डांबर नोते." माणिकबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "राहू दे तुयं चित्र. माह्या फोटो आन. मी घरी लावतो."

शेखर धर्मेंद्रकडं पाहू लागला, धर्मेंद्र मुख्याधिकाऱ्यांकडं, मुख्याधिकारी कागदाकडं. फोटो घनवादाच्या वेळीच कामी आला होता. घनवादी चित्रकार चित्रात वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवत. शेखरनं फोटो कात्रीनं कापून त्रिकोणांच्या रंगाखाली चिकटवला होता. टोपी एका कोपऱ्यात, नाक दुसऱ्यात. वर ओघळ आले. त्यावर डांबर.

माणिकबाई काही वेळ टोपलीतली वांगी उगाच सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "अर्ज करतो."

अर्ज झाला. उत्तर आलं: "आपणांस चित्राचे पूर्ण आकलन झाल्याची आपली स्वाक्षरी उपलब्ध आहे. आकलन झालेल्या नागरिकास आकलनाविरुद्ध तक्रार करता येत नाही. आकलन रद्द करावयाचे असल्यास, ते झाले नव्हते असे सक्षम शिक्षण अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडावे." गोवर्धननं वाचून दाखवलं.

"म्हंजे काय म्हनते?"

"माय, तू अडानी हायस असा दाखला आनला तं तुही तक्रार घेतीन."

माणिकबाईंनी तो कागद चुलीत घातला आणि दुसऱ्या दिवशी वांग्याची टोपली मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ओतली. बाजारातल्या बाया मागं उभ्या होत्या. त्यामुळं चौकशी समिती नेमावीच लागली. समितीनं डांबर खरवडून भिंत पूर्ववत करण्याचा आदेश दिला. धर्मेंद्रनं भिंत खरवडली, पांढरा चुना मारला आणि खरवडलेलं डांबर समोरच्या खड्ड्यात दाबलं. रस्त्याला त्याचं डांबर परत मिळालं. त्यात खुशालरावही गेला.

आता भिंत कोरी होती, चित्राचं काम अपूर्ण होतं, आणि उद्घाटनाची पत्रिका छापून झाली होती. सगळे पुन्हा शेखरभोवती जमले.

"हरकत नाही," शेखर म्हणाला. "पॅरिसमध्ये एकोणीसशे अठ्ठावन्नला ईव्ह क्लाइननं कलादालन पांढरं रंगवून रिकामं ठेवलं. बघायला हजारो लोक रांगेत उभे होते."

"देखभालीचा खर्च?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही."

मुख्याधिकारी उठून उभे राहिले. नगरपंचायतीच्या इतिहासात देखभालीशिवायचं हे पहिलंच काम होतं.

उद्घाटनाला सारं गाव आलं. नगराध्यक्ष भाऊंनी पडदा ओढला. मागं कोरी भिंत. मग मुख्याध्यापक म्हणाले, "वा! कपाळ अगदी खुशालरावांचं." डॉक्टर म्हणाले, "संयम पाहा रेषेतला." वकिलांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि मान डोलावली. वकिलांनी डोलावली म्हटल्यावर सगळ्यांनी डोलावली. शेपू विकणारी आशाबाई, जी खुशालरावाशेजारीच बसत आली होती, ती डोळे पुसत म्हणाली, "मले तं त्यायची टोपीबी दिसते बाई."

माणिकबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग माईककडं गेल्या. गोवर्धननं पदर ओढला, "माय, नोको." त्यांनी पदर सोडवून घेतला.

"भित कोरी हाये," त्या म्हणाल्या. "माह्या मालक यात नाई. यात कोनीच नाई. तुमी सारे खोटं बोलून राह्यले."

मुख्याधिकाऱ्यांनी पुढं होऊन माईक घेतला. "आजींनी चित्राचा गाभाच सांगितला! भिंत कोरी आहे, त्यात कोणीच नाही, आणि आपण सारे खोटे. यापेक्षा नेमकं रसग्रहण झालं नसेल." टाळ्यांचा कडकडाट झाला. माणिकबाईंना शाल आणि नारळ देण्यात आला. शेवटचं बिल त्याच संध्याकाळी निघालं.

बाजारातली कोरी भिंत फार दिवस कोरी राहत नाही. पुढच्याच आठवड्यात भाऊंचा वाढदिवस आला आणि भिंतभर फ्लेक्स लागला. भाऊ चार वेळा होते: चालताना, मोबाईलवर बोलताना, हात जोडून आणि गॉगल लावून. एकच चेहरा पुन्हा पुन्हा छापणं ही अमेरिकेतल्या वॉरहॉलची पद्धत, असं शेखर सांगू लागला. धर्मेंद्रनं त्याला थांबवलं. "सर, हे राहू द्या. हे लोकायले समजते."

माणिकबाई फ्लेक्सपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. डोळे दोन्हीकडं होते. नाक मधोमध होतं. तळाशी शुभेच्छुकांची रांग होती, पोस्टाच्या तिकिटाएवढी तोंडं, पण प्रत्येक ओळखू येत होतं.

"धर्मेंदर, इथं खाली आमच्या मालकाले जागा दे. नखाएवढी दिली तरी चालते."

"देतो ना, काकू. फोटो द्या, उद्याच लावतो."

माणिकबाईंनी रस्त्यावरच्या त्या खड्ड्याकडं पाहिलं आणि बाजारातल्या आपल्या ओट्यावर जाऊन बसल्या.

तळाच्या रांगेत शेवटची एक जागा रिकामी होती. उद्घाटनाच्या दिवशी ज्यांनी ज्यांनी मान डोलावली, त्यांचे फोटो धर्मेंद्रच्या मोबाईलमध्ये होतेच. त्यातला एक त्यानं तिथं बसवला. तो तुमचा. आपण त्या दिवशी तिथं नव्हतो, असं तुम्ही म्हणाल. नसाल. पण घनवाद, काळा चौकोन आणि पॅरिसचं रिकामं दालन वाचताना तुमची मान हलली होती. मला काय विचारता, फोटोत दिसते आहे.

खुशालरावाच्या पुण्यतिथीला माणिकबाई घरच्या झेंडूचा हार करून बाजारात आल्या. घालायला तोंड कुठंच नव्हतं. केलेला हार परत घरी नेत नाहीत. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, शेवटच्या तोंडापाशी थांबल्या, आणि हार तुमच्या गळ्यात घातला. खाली उदबत्ती खोचली.

"अवो माणिकबाई!" आशाबाई ओरडली. "हा तं जिता मानूस हाये!"

माणिकबाईंनी हात जोडले, डोळे मिटले.

"जिता असता," त्या म्हणाल्या, "तं त्या दिशी बोलला नसता?"