सात नंबरचा उमेदवार

आमच्या शेजारचा बाबल बोलायला उभा राहिला की त्याचे दोन्ही पाय पोहत असतात. वर छाती स्थिर, चेहरा गंभीर आणि कमरेखाली गुडघे आळीपाळीने गोल फिरताहेत. दारात उभा राहून माझ्याशी पाच मिनिटं बोलला, तर पायपुसणं अंगणात गेलेलं असतं.

मुलांनो, तुम्हाला तिकडे परदेशात वॉटरपोलो ठाऊक असेल. मला बाबलने शिकवला. दोन्हीकडे सात-सात गडी, खोल पाणी, एक पिवळा चेंडू, आणि तळाला पाय टेकायचा नाही. बाबल राज्याकडून खेळलेला. त्याचा सात जणांचा संघ इथल्याच तरणतलावात तयार झाला. पुढे तलावाला गळती लागली, तो बंद पडला आणि त्यात बेडूक राहायला आले. तो तलाव पुन्हा सुरू करायचा, एवढ्यासाठी बाबल पन्नाशीत राजकारणात उतरला, नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला. गटाराबद्दल कुणी विचारलं तरी म्हणायचा, "आधी तलाव."

प्रचाराला तो खेळातली टोपी घालून निघे. ती हनुवटीखाली नाडीने बांधतात आणि तिला कानांवर प्लास्टिकच्या वाट्या असतात. "नळाला पाणी नाय रे, बाबल!" असं कुणी ओरडलं की हा हसून हात हलवी. घरी येऊन मला सांगे, "काकू, प्रतिसाद जोरात आहे."

टोपीवर सातचा आकडा. पोस्टरवरही त्याने तोच छापला, भिंतीएवढा. स्वतःचा फोटो लहान, निशाणी त्याहून लहान. मग उमेदवारांची यादी लागली. मतदान यंत्रावर बाबल चौथा होता. सातव्या क्रमांकावर होते पेडणेकर टेलर. बायकोशी पैज लावून अर्ज भरलेला, प्रचाराला एकदाही घराबाहेर न पडलेला माणूस.

"बाबल, पोस्टर बदल," मी बजावलं. जन्मभर शाळेत हजेरीपट सांभाळलेली बाई मी. क्रमांकाची गंमत मला चालत नाही.

"काकू, टोपीचा नंबर बदलत नसतो. लोक माणूस बघतात."

लोकांनी नंबर बघितला. पेडणेकर दणक्यात निवडून आले. मासळीवाली शेवंती तर बाबलकडेच पेढे मागायला आली. "मेल्या, तूच सांगितलंस ना सात दाब? आमच्या अख्ख्या घरानं सात दाबलंन!"

मला वाटलं, आता हा चार दिवस तोंड दाखवणार नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो टेलरच्या दुकानात हजर.

"पेडणेकर, मतं माझी आहेत. खुर्ची तुम्ही ठेवा, तलाव मला द्या."

"अहो, मला सभेत बोलता येत नाही."

"मी लिहून देतो. तुम्ही फक्त वाचा."

पेडणेकरांनी प्रत्येक सभेत तोच कागद वाचला, दोन वर्षं. शेवटी तो साऱ्या सभागृहाला पाठ झाला आणि कंटाळून का होईना, काम मंजूर झालं.

गेल्या महिन्यात तलाव उघडला. त्याआधी आठवडाभर बाबलच्या दोरीवर सहा टोप्या वाळत होत्या. जुन्या सहाही गड्यांना त्याने फोन केले होते. "येतो म्हणालेत," जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होता.

एकही आला नाही. दोघं जहाजावर, तिघांना मुंबईत रजा नाही, मंडणगडच्या एकाचे गुडघे गेलेले. फीत कापली गेली, बटाटेवडे संपले, लोक पांगले. बाबल एकटाच खोल पाण्यात राहिला. भिंतीवर चेंडू मारायचा, परत येईल तो झेलायचा. पुन्हा मारायचा.

मी काठावरच्या खुर्चीवर बसले होते. उठून पाण्याजवळ गेले.

"बाबल, इकडे टाक."

"काकू, लागेल तुम्हाला."

"टाक म्हणते ना!"

त्याने हात उचलला. ज्याच्या फेकीला गोलरक्षक बिचकत, त्याचा चेंडू इतका हळू आला की मला पदर खोचायला वेळ मिळाला. दोन्ही हातांनी छातीशी धरला. साडी चिंब.

बाबल पोहत काठाशी आला, पाण्याचा शिपका मारून तोंड धुतलं, आणि मग विचारलं, "काकू, उद्या किती वाजता येता?"