जुन्या बॅकअपांस सन्मानाने निरोप दिला, त्याची हकीकत

श्री.

ज्याने आठवण दिली त्यास नमन, आणि ज्याने विसरणे दिले त्यास दोनदा नमन, कारण दुसऱ्यावाचून पहिलीस बसावयास जागा राहत नाही. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, गुरुवार. संवत्सराचे नाव क्रोधी असले तरी हकीकत आभाराची आहे, हे वाचणारांनी आधीच ध्यानी घ्यावे, म्हणजे मध्ये राणीसाहेबांचा आवाज चढेल तेव्हां घाबरणे होणार नाही. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. दुसरा मजला, पूर्वेस गॅलरी, दक्षिणेस शेजाऱ्यांचा कुकर, इतकी त्याची चतुःसीमा. तेथे श्रीमंत दिगंबरराव राज्य करीत होते. पूर्वी ते एका सरकारी खात्यात चाकरीस होते आणि त्या खात्यात कोणी निवृत्त जाहला की आभारप्रदर्शन श्रीमंतांनीच करावे ऐसा शिरस्ता होता. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, आणि माइक बंद पडल्यास न ऐकता बसून राहिलेल्या श्रोत्यांचे विशेष आभार मानून मगच त्यांनी खाली बसावे. लोक चपला शोधू लागत, परंतु श्रीमंत कोणास वगळीत नसत.

राणी हेमलताबाईसाहेब शाळेत मराठी शिकवून मोकळ्या जाहल्या होत्या, परंतु आवाज काही मोकळा बसेना, सबब ज्यांस दृष्टी नाही ऐशा विद्यार्थ्यांसाठी पुस्तके मोठ्याने वाचून, संगणकावर ध्वनिमुद्रित करून पाठवावी, हे काम त्यांनी अंगावर घेतले होते. त्यांत रेवती ढवळे म्हणून एक मुलगी, कायद्याच्या अभ्यासास वसतिगृहात राहत होती. तिचा करारांच्या कायद्याचा पेपर शुक्रवारी सकाळी, आणि पुस्तकाचे एक प्रकरण वाचावयाचे राहिलेले. गुरुवारी सकाळी तिचा फोन आला की, "काकू, तेवढं एकच राहिलंय. दिवेलागणीपर्यंत मिळालं तर नीट ऐकून होईल. नाही जमलं तर सोडून देते, पण सर म्हणतात प्रश्न त्याच्यावरच येतो." राणीसाहेब म्हणाल्या, "सोडून द्यायला ती काय दुधी भोपळ्याची भाजी आहे? पाठवते." आणि मार्गशीर्षातला गुरुवार, पोटात उपास, घट मांडून पूजा जाहली, मग त्या संगणकासमोर बसल्या आणि दुसऱ्याची वस्तू सांभाळावयास घेतली असता काय कायदा लागतो, ते प्रकरण त्यांनी निम्मे वाचले, आणि साठवण्याचे बटण दाबले, तो संगणकाने कळविले की डिस्कमध्ये जागा नाही. वाचलेले निम्मे प्रकरण गेले. फोनवर मुद्रित करावे तर राणीसाहेबांच्या फोनमध्ये बोलणारा विहिरीत पडल्यासारखा ऐकू येई, आणि श्रीमंतांचा फोन नातलगांनी धाडलेल्या सुप्रभातांनी गळ्यापर्यंत भरलेला. "अहो," राणीसाहेब गर्जत्या जाहल्या, "तुमच्या ह्या डब्यात काय भरून ठेवलंय?"

श्रीमंत चष्मा लावून आले आणि कोठार उघडून पाहते जाहले, तो सर्व जागा त्यांच्याच बॅकअपांनी व्यापलेली. याचा अर्थ ऐसा की, संगणकाची प्रणाली बदलली, म्हणजे गादीवर नवा धनी आला, की जुन्या धन्याचे तख्त, छत्र, पिकदाणीसुद्धा जशीच्या तशी नकल करून श्रीमंत ठेवीत, नव्याने दगा दिल्यास जुना कामास यावा ही मसलत. मसलत शहाणपणाची, परंतु नकला ठेवीत त्याच डिस्कवर, म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच टांगून बाहेरून कुलूप लावावे तैसे. आणि धनी बदलत गेले, नकला साचत गेल्या, मग नकलांच्या नकला जाहल्या, आणि खाशांस बसावयास पाट उरला नाही. राणीसाहेब म्हणाल्या, "पुसून टाका सगळे." श्रीमंतांचा चेहरा उतरला. "अगं, असं कसं? मागं मशीन पार आडवं झालं होतं, तेव्हा ह्यातल्याच एकानं उभं केलं. लेकीच्या लग्नाचे फोटो, तुझी वाचलेली सगळी पुस्तकं, सगळं परत दिलं. आणि आज जागा हवी म्हणून त्याला धक्के मारून बाहेर काढू?" राणीसाहेब म्हणाल्या, "धक्के मारू नका, हात जोडून काढा. पण काढा. ती पोरगी वाट बघतेय." हे बोलणे श्रीमंतांस पटले. तथापि न जाणो, पुसताना हात चुकला तर, ऐसा विचार मनात येऊन त्यांनी आधी सर्व जुन्या बॅकअपांचा एक ताजा बॅकअप घेण्यास आरंभ केला, आणि तोही त्याच डिस्कवर. संगणकाने जी काही चिमूटभर हवा राखली होती तीही गेली, आणि पडद्यावरले चक्र गरगर फिरू लागले, आणि आतला पंखा दमेकऱ्यासारखा वाजू लागला. "आता काय केलंत?" "खबरदारी घेतली." "ती कुठे ठेवलीत?" यावर श्रीमंतांनी चष्मा काढून पुसावयास घेतला. मग संगणक बंद करून पुन्हा चालू करणे जाहले, त्यांत दुपार गेली.

उन्हे गॅलरीच्या कठड्याखाली उतरली. श्रीमंत म्हणाले, पुसतो, परंतु रीतीने. आणि आतून शाल आणली आणि ती संगणकाच्या पडद्यावर पांघरली, आणि मग श्रीफळासाठी इकडे तिकडे पाहता त्यांची नजर घटावरच्या नारळावर गेली. राणीसाहेब पाठमोऱ्या होत्या तरी म्हणाल्या, "त्याला हात लावून तर बघा." मग श्रीफळाच्या ठायी एक लिंबू ठेवून श्रीमंत उभे राहिले आणि घसा साफ करून बोलते जाहले, "उपस्थित बंधुभगिनींनो." "उपस्थित मी एकटी आहे, आणि उपाशी आहे." "तरी रीत असते गं. तर मित्रहो, आपण आलात तेव्हा हे मशीन नवं होतं. आपण कधी रजा मागितली नाही. आपल्यापैकी बहुतेकांना काम पडलंच नाही, पण काम पडेल म्हणून जो वर्षानुवर्षं तयार बसतो, त्याचे आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही. ती मी आज पाडतो." हे ऐकून राणीसाहेब वळून पाहत्या जाहल्या. मग म्हणाल्या, "छान बोललात. आता शाल काढा, पडदा दिसत नाही."

मग श्रीमंतांनी बॅकअपांची सर्व रांग निवडली, आणि त्यांतला एक, अगदी अलीकडचा, बाजूस काढून कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर सुखरूप पोचविला, हे त्या दिवसातले पहिले शहाणे काम. आणि बाकीच्यांवर हात जोडून बटण दाबले. संगणक वदला की, ह्या कामाचा आपणांस अधिकार नाही, प्रशासकाचा पासवर्ड आणावा. श्रीमंत लाल जाहले. "घर माझं, टेबल माझं, विजेचं बिल मी भरतो, आणि मला अधिकार नाही?" परंतु खरे ते खरे. संगणक मांडून दिला होता जावईबापू मंदाररावांनी, त्यांच्या पहिल्या दिवाळसणास, आणि प्रशासकाचा पासवर्ड त्यांच्यापाशी. आता जावयास फोन करून काम सांगणे म्हणजे मोठी नाजूक मोहीम. श्रीमंतांनी फोन लाविला आणि प्रथम प्रकृती विचारली, मग तिकडची थंडी विचारली, मग विहिणबाईंचा गुडघा विचारला. जावईबापू हळू आवाजात म्हणाले, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. काही हवं होतं का?" "छे छे, हवं काही नाही. सहज आठवण आली." राणीसाहेबांनी फोन हातातून काढून घेतला. "मंदारराव, कॉम्प्युटरचा पासवर्ड सांगा. एका मुलीची परीक्षा आहे." तिकडे खुर्ची सरकली, दार लागले. मग आवाज आला की, "आई, फोन स्पीकरवर आहे का?" "आहे." "मग असू दे, मी मेसेज करतो." "मेसेजची वाट बघायला वेळ नाही. बोला." जावईबापू अडखळत बोलते जाहले, "ते काय झालं, आई, त्या दिवाळसणाला बाबा सगळ्यांचे आभार मानत होते. श्रीखंड वाढून झालं होतं. मला फार भूक लागली होती. तेव्हा मशीन पासवर्ड मागत होतं, आणि मनात होतं ते मी टाकलं. भाषण आवरा. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून." राणीसाहेब उपाशीपोटी इतक्या हसल्या की त्यांस खुर्चीचा आधार घेणे भाग पडले. श्रीमंतांनी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. एकेक अक्षर शोधून स्वहस्ते तो पासवर्ड घातला आणि फोनकडे वळून म्हणाले, "आभारी आहे, मंदारराव. श्रीखंड गार झालं असेल ना?" "बाबा, श्रीखंड गारच असतं." "मग ठीक आहे."

आणि बॅकअप गेले, परंतु जागा होईना. कारण जुने सरदार गडावरून उतरले खरे, परंतु कचरापेटीत बिऱ्हाड करून बसले, निरोप घेऊन पाहुणा दाराशी चपला घालीत अर्धा तास बोलत उभा राहतो तैसे. ती पेटीही रिकामी करण्याची आज्ञा जाहली, आणि पडद्यावरली, डिस्क भरल्याची लाल पट्टी एकाएकी आखडली आणि मोकळे मैदान दिसले. राणीसाहेबांनी पाणी पिऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचावयास घेतले. श्रीमंत दाराशी उभे राहून ऐकत होते. आणि ज्या कामासाठी वस्तू सांभाळावयास दिली ते काम पुरे होताच ती परत करावी, हे कलम आले, तो श्रीमंतांच्या तोंडून गेले, "हे मात्र अगदी खरं आहे. आभारी आहे." राणीसाहेबांनी डोळे वटारले, परंतु थांबणे शक्य नव्हते, बाहेर दिवे लागत होते. तैसेच पुढे वाचून, साठवून, त्यांनी प्रकरण रवाना केले. थोड्या वेळाने रेवतीचा उलट संदेश आला: "मिळालं. ऐकतेय." मग राणीसाहेबांनी उपास सोडला आणि लिंबाचे सरबत श्रीमंतांस दिले.

परीक्षा सरल्यावर रेवती पांढरी काठी टेकीत स्वतः राज्यात आली. राणीसाहेबांचे हात हाती घेतले आणि म्हणाली, "काकू, प्रश्न त्याच्यावरच आला. कलम आठवेना, माझं लिहून घेणारी थांबली. मग मागून काकांचा आवाज आठवला, हे मात्र अगदी खरं आहे, आणि त्याच्या आधीचं सगळं वाक्य आपोआप आलं. काका कुठे आहेत?" श्रीमंत समोरच होते. "काका, तुमचे आभार मानायला आले." राणीसाहेबांनी मनात म्हटले, आता हे उभे राहणार, आता चहा गार होणार. श्रीमंत उभे राहिलेच. रेवती म्हणाली, "थांबा काका, बोलू नका. मला तुमचं बोलणं ठेवून घ्यायचंय." आणि फोन काढला, आणि फोनने तिच्या कानात काही सांगितले, तशी ती हसली. "जागा नाहीये. एक मिनिट हं, जुनं काहीतरी काढून टाकते." तिने बोटे फिरवून काढले, आणि फोन त्यांच्यापुढे धरला. आणि आयुष्यभर मंडपवाल्यापर्यंत कोणास न वगळणाऱ्या श्रीमंतांस त्या वेळी एकही नाव सुचेना. "बस बाळ," इतकेच ते बोलले, "चहा घे." मुलीने तेवढेच जपून ठेविले.

येणेप्रमाणे राज्यात जागा जाहली. गेले ते सन्मानाने गेले, राहिला तो वेगळ्या डिस्कवर सुखी आहे, मुलगी उत्तीर्ण जाहली. ज्यांचे ज्यांचे साहाय्य जाहले त्या सर्वांचे आभार मानावयाचे होते, परंतु जावईबापू जेवावयास आले आहेत, सबब लेखनसीमा.