येतो म्हणजे येतो का

कृष्णोजीअण्णा कॉम्पुटर उघडायच्या आधी त्याच्या डोळ्यावर टिकली चिकटवतात. वरती बारीक काच असते ना, तिच्यावर. टिकली माझ्याच पाकिटातली. "शांताक्का, एक दे. तिकडून कोण बघतंय कुणाला ठाऊक." आणि डोळे बारीक करून म्हणतात, "यात काहीतरी आहे."

हे त्यांचं नेहमीचंच. गॅसचा सिलिंडर आला की हलवून बघतात. यात काहीतरी आहे. दूधवाला हसला, यात काहीतरी आहे. मी त्यांच्या मागच्या खोलीत राहते, त्यांचा स्वयंपाक करते. पहिलं वर्षभर मी केलेला चहा आधी मलाच प्यायला लावायचे. मी प्यायची. दोन घरची भांडी घासून आलेल्या बाईला फुकटचा चहा कशाला नको?

बसवनगुडीतली आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. घरात मराठी, बाहेर कन्नड. अण्णांनी कॉम्पुटरमध्ये अशा माणसांचा एक गट केला होता. एकानं पत्र लिहिलं की सगळ्यांना जायचं. कुणाकडे लग्न, कुणाचं गुडघ्याचं दुखणं, जुन्या आठवणी. आणि भांडणं. सगळी पत्रं तिथंच साठलेली.

एक दिवस त्या जागेच्या कंपनीनं कळवलं, आम्ही बंद करतोय, तुमची पत्रं घेऊन जा, नाहीतर पुसून टाकू.

"इतकी वर्षं फुकट ठेवून घेतलं," अण्णा म्हणाले, "आता का हाकलतायत? यात काहीतरी आहे."

मी म्हटलं, "अण्णा, मालकानं घर सोड म्हटलं की सोडायचं. कारण विचारून कोण सांगतं?" नवरा गेल्यावर मला असंच सांगितलं होतं. भांडी पोत्यात भरली, पोरीला कडेवर घेतली, निघाले. सामान हलवायचं म्हणजे काय, हे कॉम्पुटर न शिकता पण कळतं.

गटात नव्यानंच घेतलेली वैशाली मदतीला आली. पुण्याची, बेळ्ळंदूरच्या ऑफिसात काम करते.

"काका, सगळं आर्काइव्ह, जुनी पत्रं हो, मायग्रेट करायचंय, बस."

"मायग्रेट म्हणजे गायब तर नव्हे?"

"नाही हो काका. जसंच्या तसं नव्या जागी."

तिनं हलवलं. अण्णा शेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. लग्नाची पत्रं बघितली नाहीत, आठवणी बघितल्या नाहीत. "ते साराचं भांडण आलं का बघ."

साराचं भांडण म्हणजे अण्णांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, विठोजीचं. यांच्या आईच्या सारात गूळ असायचा की नसायचा. अण्णा म्हणायचे असायचा, तो म्हणायचा नसायचा. वर्षानुवर्षं.

"एवढं मोठं भांडण? काका, हे काढून टाकूया?"

"एक अक्षर हलवायचं नाही. पुरावा आहे तो."

मला वाटलं, भावाला कोर्टात ओढतायत की काय.

पत्रं आली, पण माणसं आपोआप येत नाहीत म्हणे. ज्याला त्याला विचारावं लागतं. अण्णांनी सगळ्यांना लिहिलं, जुनी जागा सोडतोय, नव्या जागी येणार असाल तर कळवा. उत्तरं आली. येतो. येते. येतो.

वैशाली खूश. "काका, सगळे येस!"

अण्णांनी तिचा हात धरला. "थांब. यात काहीतरी आहे. आपल्यात निघालेला माणूस दारात काय म्हणतो?"

"...येतो."

"मग हे येतायत की जातायत?"

मी पदराआड हसले. मग वैशालीनं एकेकाला परत लिहून विचारलं. कुणी खरंच येत होते, कुणी निरोप घेत होते. शेवटी विठोजीचं नाव उरलं. त्यानं पण 'येतो' एवढंच लिहिलं होतं.

"याला विचारू?"

"नको."

"पण काका, स्वल्प विचारायला काय हरकत?" इथलं कन्नड तिच्या तोंडात बसायला लागलंय.

"विचारलं तर नाही म्हणेल."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, साराचं भांडण कशाला जपलंय. आई गेल्यावर वाटणीवरून दोघांचं वाजलं, त्या दिवशी विठोजी याच दारातून 'येतो' म्हणून गेला. मी आत पीठ मळत होते, ऐकलं होतं. परत पाय ठेवला नाही, फोन नाही. त्या गटात भांडायचा तेवढाच. माझा नवरा पण येतो म्हणूनच आनेकलच्या कारखान्यात गेला होता. त्याला विचारायला मला जागाच उरली नाही.

वैशालीनं न विचारताच विठोजीचं नाव नव्या जागी घातलं. अण्णा म्हणाले, नव्या घरात दूध उतू घालवायचं असतं. सरी, बरं म्हटलं. शेगडीभर दूध सांडलं, पुसलं मीच.

मग अण्णांनी नव्या जागी पहिलं पत्र लिहिलं. नमस्कार नाही, स्वागत नाही. 'आमच्या आईच्या सारात गूळ असायचाच.'

आणि बसले. जेवण खुर्चीतच. मी म्हटलं, अंघोळ तरी करा. म्हणाले, "मधेच कुणी पत्र पळवलं तर?"

दुसऱ्या दिवशी मी भाजी चिरत होते. आतून हाक आली.

"शांताक्का, ऐक. विठोजी लिहितोय." चष्मा पुसला, परत घातला. "'साफ खोटं. आई गूळ कधीच घालत नव्हती. म्हातारा झालास, विसरलास.'" परत एकदा वाचलं, सावकाश. "बघितलंस? किती लबाड आहे. यात काहीतरी आहे."

"असू दे की अण्णा."

"आज सार कर."

"गूळ घालू?"

त्यांनी काचेवरची टिकली नखानं नीट दाबली.

"दोन पातेल्यांत कर. एकात घाल. एकात नको."

"एवढं कोण खाणार?"

बाहेर फाटक वाजलं तशी अण्णांनी मान वर केली. पेपरवाला होता.

मी दुसरं पातेलं काढलं.